भुऱ्याच्या केसांच्या दोन पिशव्या: गेलेल्या जिवाची आठवण हाताने कशी घडवावी?

ओसरी
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आमचा कुत्रा भुऱ्या जाऊन साडेचार महिने झाले. १३ वर्षांचा होता. शेवटच्या वर्षभरात त्याला विंचरताना निघालेले केस मी टाकलेच नाहीत. का ठेवतेय ते तेव्हा मलाही कळत नव्हतं. फणी साफ करायची आणि गुंता कागदी पिशवीत टाकायचा, अशी सवयच लागली होती. आता कपाटात केसांच्या दोन पिशव्या आहेत, त्याचा पट्टा आहे आणि त्याने कडेने कुरतडलेली माझी एक चप्पल आहे.

परवा पिशवी उघडली. वास अजून आहे. लगेच तोंड बांधून ठेवून दिली, वास उडून जाईल म्हणून.

मला या केसांचं माझ्या हाताने काहीतरी करायचंय. नाव कोरलेलं, विकत मिळणारं काही नको. शिवण चांगली येते, विणकाम जुजबी. पण केस मोजके आहेत, पुन्हा मिळणार नाहीत, त्यामुळे हात धजत नाही. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? कशाचं केलं, टिकलं का? आणि खरं सांगा, ती वस्तू समोर आल्यावर बरं वाटतं की आणखी जड होतं?

सुईदोरा
ओसरी, आधी एक काम कर. दोन पिशव्यांपैकी एक बाजूला ठेव आणि तिला हातच लावायचा नाही असं ठरव. मग दुसरीवर हात आपोआप सैल होतो. मी आमच्या ठमीच्या वेळी हे केलं नाही. असतील तेवढे सगळे केस एकदम घेऊन बसले आणि प्रत्येक टोचणीला हात थरथरायचा.

आता केस बघ. दाट अंगाच्या कुत्र्याला दोन थर असतात. वरचे लांब, गुळगुळीत, जरा टोचणारे केस, आणि खाली कापसासारखी मऊ लव. फणीत येते ती बहुतेक लवच. चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी हळू ओढलीस की लांब केस एका हातात राहतात आणि लव दुसऱ्या. सगळं वेगळं करायला वेळ लागतो, पण ते काम करताना फार शांत वाटतं. मी रोज रात्री अर्धा तास तेवढंच करायचे.

लवेचा नमदा होतो. म्हणजे केस एकमेकांत अडकवून घट्ट गोळा करायचा. त्याची सुई वेगळी असते, तिच्या पात्याला बारीक खाचा असतात. टोचली की खाच केसांना आत ओढून नेते. ३६ नंबर जाड, आकार धरायला. ३८ मधली. ४० बारीक, वरचा पृष्ठभाग सफाईदार करायला. खाली जाड स्पंज घे, सुई सरळ घाल आणि सरळच बाहेर काढ. आत असताना वाकवलीस तर तुटते, आणि बोटात गेली तर फार लागते.

एक महत्त्वाचं. कुत्र्याचे केस मेंढीच्या लोकरीसारखे एकमेकांना धरत नाहीत, कारण लोकरीचा तंतू कुरळा असतो आणि त्याचे खवले जास्त पकड घेतात. म्हणून आतला गाभा मेंढीच्या लोकरीचा कर आणि वरचे थर भुऱ्याचे दे. केस कमी लागतात आणि दिसतात फक्त त्याचेच.

चिमणचारा
"वास उडून जाईल म्हणून" इथे थांबले. पुढचं नंतर वाचते.

मातीचे हात
माझा अनुभव पंजाच्या ठशाचा. ओसरी ताई, तुमच्या उपयोगाचा नाही, पण ज्यांचं जनावर अजून घरात आहे त्यांच्यासाठी लिहिते.

ठसा आजच घ्या, म्हातारपणाची वाट बघू नका. आमच्या सोन्याचा ठसा मी तो ४ वर्षांचा असताना सहज गंमत म्हणून घेतला होता. आज घरात त्याच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही.

पद्धत सोपी आहे. माती साधारण १ सेंटिमीटर जाडीची लाटायची. बोटांमधले केस पाण्याने चापून बसवायचे, नाहीतर ठसा भुरकट येतो. पंजा एकदाच, सरळ खाली दाबायचा. दुसऱ्यांदा त्याच जागी ठेवायला गेलात तर कडा दुहेरी होतात. मग त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की माती सोडवायची. हातात येतो तो खराखुरा उठलेला पंजा, गाद्यांच्या सुरकुत्यांसकट.

पंजा थेट ओल्या प्लास्टरमध्ये मात्र कधीही घालू नका. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, चामडी भाजू शकते. आणि कणीक-मिठाच्या गोळ्यात ठसा घेणार असाल तर तो गोळा कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा. त्यात मीठ इतकं असतं की खाल्लं तर विषबाधा होते. शिवाय तो गोळा दमट हवेत पाणी धरतो आणि काही वर्षांनी मऊ पडतो. माती बरी.

रानवाट
मी थोडं वेगळं सांगतो, कुणाला दुखवायचं नाही.

मी काहीच ठेवलं नाही. आमचा वाघ्या गेला त्याच आठवड्यात त्याचं अंथरूण, भांडी, साखळी, सगळं एका प्राण्यांच्या निवाऱ्याला दिलं. तिथे थंडीत कुडकुडणारी पिल्लं होती, त्यांच्या कामी आलं. वस्तूत जीव अडकवला की आपण त्या कपाटाशीच बांधले जातो असं मला वाटतं. मी अजून रोज त्याच्याच वाटेने फिरायला जातो. तेवढं मला पुरतं.

सुईदोरा
रानवाट, अंथरूण दिलंत ते फार चांगलं केलंत. पण कपाटाशी बांधले जाण्याबद्दल माझं मत उलटं आहे. नुसत्या ठेवलेल्या पिशवीशी माणूस बांधलं जातं. तिचं काही घडवायला घेतलं की हात हलतात, मन कामात गुंततं, "इथे रंग थोडा गडद होता ना?" असं स्वतःला विचारावं लागतं. ठमीचं काम केलं त्या दोन महिन्यांत ती मला आजारपणातली आठवेनाशी झाली आणि खिडकीतली आठवू लागली.

काजवा
मी रेझिनमधलं (दोन द्रव मिसळले की काचेसारखं घट्ट होतं ते) पदक करायला गेलो आणि माझ्या हातून ते बिघडलं, म्हणून लिहितो. दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

आमच्या कापूसचे (ससा, नाव रंगावरून) पांढरे केस होते. पारदर्शक थेंबात ते तरंगताना दिसावेत अशी कल्पना. धुतले, रात्रभर वाळवले, सकाळी ओतलं. तीन दिवसांनी बघतो तर थेंबात धुकं आणि केसांभोवती बुडबुड्यांची माळ. हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

नंतर दोन चुका कळल्या. केस वरून कोरडे वाटतात पण आत ओल असते, आणि ओल रेझिनला चालत नाही, ते दुधट होतं. निदान दोन-तीन दिवस सावलीत पसरून ठेवायला हवे होते. दुसरं, केसांच्या झुपक्यात हवा कोंडलेली असते. आधी झुपका थोड्याशा रेझिनमध्ये भिजवून टाचणीने दाबून हवा काढायची, मग साच्यात ठेवून उरलेलं दोन थरांत ओतायचं. दोन द्रवांचं माप अगदी काटेकोर घ्यायचं, अंदाजाने घेतलं तर चिकटच राहतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरं पदक छान जमलं. पण उन्हात ठेवू नका. रेझिन उन्हाने पिवळं पडत जातं, आणि पांढऱ्या केसांवर ते लगेच दिसतं.

ओसरी
सुईदोरा ताई, एक पिशवी वर ठेवून दिली. मातीचे हात, वाचताना वाटलं, आपण का नाही घेतला ठसा. रानवाट दादा, तुमचंही पटतं हो. अंथरूण मीही दिलं. केसच देता आले नाहीत.

काजवा, ते पहिलं धुकं आलेलं पदक टाकलंत का?

काजवा
नाही. तेच किल्लीला लावलंय. दुसरं आईकडे आहे.

टकळी
ओसरी, सूत काढायचा विचार केलास का? कुत्र्याच्या लवेचं सूत निघतं आणि फार ऊबदार असतं. यात नवं काहीच नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्रे पाळायचे आणि त्या केसांच्या घोंगड्या विणायचे. ती जात आता उरलेली नाही. १८५९ मध्ये मेलेल्या अशा एका कुत्र्याची कातडी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि २०२३ मध्ये तिच्या जनुकांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. त्या घोंगड्या मानाच्या समजल्या जायच्या, बायका त्या विणायच्या. हे वाचल्यापासून मला माझ्या टकळीवरच्या, आमच्या मोती कुत्र्याच्या सुताबद्दल कधी ओशाळल्यासारखं झालं नाही. घरी पाहुण्यांनी "कुत्र्याचे केस?" म्हणून नाक मुरडलं होतं.

आता कृती. केस कोमट पाण्यात सौम्य शाम्पू घालून नुसते बुडवून ठेव. चोळायचे अजिबात नाहीत, नाहीतर तिथेच नमदा होऊन बसतो. जाळीच्या पिशवीत घालून बुडवलेस तर वाहून जात नाहीत. पाणी बदलताना धार केसांवर सोडू नकोस, आधी केस बाहेर, मग नवं पाणी. सावलीत वाळव. मग हाताने पिंज, हलके पेळू कर आणि टकळीवर धर. कुत्र्याच्या केसाला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, म्हणून पीळ जरा जास्त द्यावा लागतो, नाहीतर धागा सुटतो. पहिल्यांदाच करत असशील तर एकास एक मेंढीची लोकर मिसळ. आधी लोकरीवर हात बसू दे, चार-पाच दिवस, मग भुऱ्याचे केस घे.

मोतीच्या सुताचं मी मोठं काही केलं नाही. मनगटाला बांधायची चार बोटं रुंद पट्टी विणली. त्याच्या अंगावर हात ठेवला की जसं मऊ लागायचं तसंच लागतं. पहिल्या दिवशी ती बांधून झोपले.

मनीमाऊ
मांजराच्या केसांचं निघतं का सूत? आमच्या बाईसाहेब रोज मूठभर केस सोफ्याला दान करतात. अजून ठणठणीत आहेत, पण आतापासून जमवावेत म्हणते.

टकळी
निघतं, पण मांजराचा केस आखूड आणि निसरडा, नुसता धरत नाही. लोकरीत मिसळ, साधारण तिसरा हिस्सा. नाहीतर सुईदोरा ताई म्हणतात तसा नमदाच कर. आणि मिशीचे केस बघत राहा! मांजराच्या मिश्या आपोआप गळतात, झाडताना सापडतात. कधीही कापायच्या किंवा ओढायच्या नाहीत, अंधारात वाट काढायला ती मिशीवर अवलंबून असते. पण गळलेली सापडली की काचेच्या छोट्या नळीत ठेव. एक मिशी असली तरी पुरे.

मनीमाऊ
आत्ता उठून सोफ्याखाली बॅटरी घेऊन शोधलं. दोन सापडल्या! बाईसाहेब शेजारी बसून मी काय करतेय ते बघत होत्या.

जुनी पानं
विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची बॉब नावाची मांजर १८६२ मध्ये गेली. त्याच्या मेहुणीने तिचा एक पंजा राखून तो हस्तिदंती पत्र-कापणीच्या मुठीला बसवून घेतला आणि डिकन्सला दिला. पात्यावर बॉबच्या आठवणीचं वाक्य आणि साल कोरलेलं आहे. आज ती वस्तू न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. लिहिताना, पत्रं फोडताना त्याचा हात रोज त्या पंजावर पडत असणार.

आणि त्याच्याही फार आधी, प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तबद्दल लिहून ठेवलंय की घरात मांजर मेलं तर घरातली सगळी माणसं भुवया काढायची, आणि कुत्रा मेला तर डोकं आणि सगळं अंग भादरायची. म्हणजे ओसरी, तुमच्या पिशवीची उलट बाजू. त्यांनी आपले केस दिले, तुम्ही त्याचे ठेवले.

चिमणचारा
पंजा?! नाही बाबा. मला नाही सहन होणार. केस, मिशी, पीस हे त्याने स्वतःहून टाकलेलं असतं, ते घ्यायला हरकत नाही. अंगाचा तुकडा नको.

पिसारा
चिमणचारा, मलाही तिथेच रेघ ओढावीशी वाटते. आमचा पोपट दरवर्षी पिसं गाळायचा आणि आम्ही एका वहीत, सालाप्रमाणे, चिकटवत गेलो. ९ वर्षांची वही झाली. तो गेल्यावर वेगळं काही करावं लागलंच नाही. पहिल्या पानावर पिसं निस्तेज, मधल्या पानांवर झगझगीत, आणि शेवटच्या दोन पानांवर पुन्हा विरळ. तो आजारी पडणार हे आम्हाला कळलं नव्हतं, पण वहीत दिसतं.

पिसं आणि केस ठेवणाऱ्यांनी कसरीचा विचार जरूर करा. कपड्यांना लागणाऱ्या पतंगाच्या अळ्या केस, लोकर, पिसं सगळं खातात. घट्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की अळ्या-अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या हवेइतकी झाली की मग उघडा, नाहीतर आत दव धरतं. ओसरी, तुमच्या त्या वर ठेवलेल्या पिशवीला हे आजच करा. न धुतलेल्या केसांवर कसर लवकर येते.

ओसरी
अय्या, हे डोक्यातच नव्हतं. पण मग वासाचं काय? धुतले तर जाईल ना?

पिसारा
फ्रीझरने वास जात नाही, धुण्याने जातो. धुऊ नका ते. हवाबंद बरणी आणि अंधार.

उनाड
वासाबद्दल दोन शब्द. आमच्या घरी मी चादर तशीच ठेवली होती आणि कुणीतरी मदत म्हणून धुऊन, इस्त्री करून, घडी घालून हातात दिली. प्रेमानेच केलं होतं, मी काही बोललो नाही. पण तुम्ही जे काही ठेवताय त्यावर चिठ्ठी लावा. "धुऊ नये". मोठ्या अक्षरात.

निळाई
ज्यांच्याकडे केसही नाहीत, ठसाही नाही, त्यांच्यासाठी: सायनोटाइप करून बघा. निळ्या-पांढऱ्या छापाची ही जुनी रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात विरघळवून मंद प्रकाशात कागदाला किंवा सुती कापडाला लावायचं, अंधारात वाळवायचं, त्यावर वस्तू ठेवून उन्हात न्यायचं. कडक ऊन असलं तर १०-१५ मिनिटं. मग साध्या पाण्यात खळबळून धुवायचं. जिथे वस्तू होती तिथे पांढरं, बाकी गडद निळं.

मी आमच्या राणीचा पट्टा ठेवला होता. बकलाची भोकं, आणि जे भोक आम्ही वापरायचो ते लांबट झालेलं, तेही छापात उतरलं. पट्टा मला बारा वर्षं रोज हातात असून ते भोक लांबट आहे हे कधी दिसलं नव्हतं.

कापडावर छापलंत तर धुण्याचा सोडा किंवा कडक साबण लावू नका, निळं उडतं. उन्हाने फिकट झालं तर काही दिवस अंधारात ठेवा, बरंचसं परत येतं.

सुईदोरा
निळाई, हे मी नक्की करणार.

भरतकाम करणाऱ्यांसाठी माझ्याकडूनही थोडं. फोटोवरून चेहरा भरायचा असेल तर सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर घ्या आणि लांब-आखूड टाका घाला. केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने टाका गेला पाहिजे. नाकावरून वर कपाळाकडे, गालावरून मागे कानाकडे. आधी कागदावर बाण काढून घ्या. सुरुवात मागच्या भागापासून, म्हणजे पुढचे टाके मागच्यांवर चढतात, कौलांसारखे. तपकिरी कुत्र्याला एक तपकिरी पुरत नाही. मला ठमीच्या करड्या रंगासाठी सात छटा लागल्या, त्यात एक चक्क जांभळट होती.

आणि डोळा. तो शेवटी भरा. सगळा काळा-तपकिरी भरून झाला की वरच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एकच बारीक टाका. तो टाका पडेपर्यंत तुमच्यासमोर कापड असतं. पडला की ती तुमच्याकडे बघते. मी सुई खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून गेले होते.

काजवा
सुईदोरा ताई, हे वाचून माझ्याही अंगावर काटा आला.

साखरझोप
एक सावधगिरीचा सल्ला. स्वतःला जमत नाही म्हणून मी केस एका कारागिराकडे पाठवले होते, ओळख फक्त फोटोंवरून झालेली. असलेले सगळे पाठवले. दोन महिने "होतंय, होतंय", मग उत्तरच बंद. पैसे गेले त्याचं इतकं नाही. कुणाला देणार असाल तर थोडेच द्या, आणि आधी एक चिमूट देऊन नमुना मागा. ओसरी स्वतः करतेय हे फार बरं आहे. वाकडं झालं तरी घरात राहील.

चिमणचारा
साखरझोप, तुमच्या जुन्या स्वेटरच्या आतल्या बाजूला बघा, कोटाच्या खिशात, गाडीच्या सीटच्या फटीत. खरंच सांगते. आमची चिंगी जाऊन ३ वर्षं झाली, मागच्या महिन्यात शिवणयंत्राच्या बॉबिनच्या घरात तिचा केस सापडला.

साखरझोप
बघितलं. प्रवासाच्या बॅगेच्या चाकाला गुंडाळलेले होते, सात-आठ. चिमट्याने एकेक सोडवले. निळाई, कापडावर एवढेच केस ठेवून छाप येईल का?

निळाई
येईल. वरून काच दाबून ठेवा म्हणजे केस कापडाला चिकटून राहतील आणि रेघ स्वच्छ उमटेल. केस खराब होत नाहीत, छाप झाल्यावर उचलून परत नळीत. एकाच केसांचे चार छाप काढता येतील.

ओसरी
मंडळी, दोन महिन्यांनी येतेय. तुम्हाला वाटलं असेल पळाले.

केस फ्रीझरमध्ये ठेवले, बाहेर काढले. एक पिशवी हवाबंद बरणीत, तिच्यावर उनाड म्हणाले तशी चिठ्ठी. दुसरी धुतली, वाळवली, लव आणि लांब केस वेगळे केले. सुईदोरा ताई, खरंच, ते वेगळं करण्याचं काम मी मुद्दाम लांबवलं.

मग आधी भुऱ्याचा चेहरा करायला घेतला. गाभा लोकरीचा, वर त्याचे केस. तीन आठवडे. नाक झालं, डोळ्यांना काळे मणी बसवले, आणि कुत्रा तयार झाला. चांगला झाला होता. पण भुऱ्या नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी गोड कुत्रा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या अंगावर भुऱ्याचे केस होते. ते इतकं विचित्र वाटलं की मी रात्री उठून तो उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी वरचे थर हलक्या हाताने उपटून काढले. बरेच केस वाचले, सगळे नाही.

मग आठवडाभर काहीच केलं नाही. एकदा टीव्ही बघत बसले होते आणि माझा डावा हात सोफ्यावर काहीतरी चाळवत होता. अंगठा आणि दोन बोटं, उशीचा कोपरा धरून. बघितल्यावर कळलं मी काय करतेय. भुऱ्या माझ्या डाव्या बाजूला बसायचा आणि मी १३ वर्षं त्याचा उजवा कान असाच चोळत बसायचे. तो कान टोकाला मोडलेला होता, लहानपणापासून, उभा राहायचा नाही.

तर मी कान केला. फक्त कान.

तळहाताएवढा. कागदावर आकार कापला, पातळ लोकरीचा थर टोचून चपटा केला, बाहेरून त्याची लव, वर टोकाकडे लांब केस तिरपे लावले, ३८ ने धरले आणि ४० ने बसवले. कडेला केस थोडे सुटे ठेवले, त्याचे तसेच होते. टोक मोडून आतून दोन टाके घातले, म्हणजे ते कायम पडलेलंच राहतं. पट्ट्याचं चामडं कापायचा धीर झाला नाही, म्हणून कानाच्या बुडाशी साधा पट्टी-फास शिवला आणि तो पट्ट्यात ओवला. आता पट्टा आणि कान सोफ्याच्या हातावर असतात, डाव्या बाजूला.

वाकडा आहे. एका जागी नमदा जास्त घट्ट झालाय, तिथे बोटाला गाठ लागते. खऱ्या कानातही तिथे जवळपास एक गाठ होती, जुन्या जखमेची. हे मी ठरवून केलेलं नाही.

जड होतं की बरं वाटतं हे मीच विचारलं होतं. पहिले चार दिवस जड झालं. नंतर हात आपला तिथे जातो, मला कळतही नाही.

सुईदोरा
ओसरी. चेहरा मोडून कान केलास. मी वीस वर्षं सुई धरतेय, मला हे सुचलं नसतं.

चिमणचारा
मी आत्ता आमच्या राजाचा कान चोळून आले. त्याने कंटाळून दुसऱ्या खोलीत बैठक हलवली.

रानवाट
ओसरी ताई, मी वर लिहिलं होतं की मी काहीच ठेवलं नाही. ते तितकंसं खरं नाही हे तुमचं वाचून लक्षात आलं. मागच्या वर्षी घराला रंग दिला. मागच्या दाराला वाघ्याच्या नखांचे ओरखडे आहेत, खाली, गुडघ्याच्या उंचीवर. बाहेर सोड म्हणून ओरबाडायचा. रंगाऱ्याने पुट्टी भरायला घेतली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि तेवढा पट्टा सोडून दार रंगवायला सांगितलं. का, असं त्याने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

मातीचे हात
रानवाट काका, त्या ओरखड्यांवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून बघा. रेघ न् रेघ उतरते. कधी घर बदललंत तर सोबत नेता येईल.

रानवाट
उद्या सकाळी करतो. पेन्सिल कुठली, मऊ की कडक?

मातीचे हात
मऊ. ६बी असेल तर उत्तम. आणि कागद पातळ घ्या, चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्का करा म्हणजे हलणार नाही.

मनीमाऊ
ओसरी ताई, कानाच्या आतल्या बाजूला कोणता रंग घेतलात? आमच्या बाईसाहेबांचे केस जमवायला घेतलेत, आतापासून बघून ठेवते.

ओसरी
फिकट गुलाबी लोकर, त्यात चिमूटभर राखाडी. नुसता गुलाबी खोटा दिसतो. तिच्या कानामागे फणी फिरव, तिथली लव सगळ्यात मऊ असते. आणि कान उजेडासमोर धरून एक फोटो काढून ठेव. आतल्या शिरा कशा जातात ते मला आठवत नव्हतं, अंदाजाने केल्या.